मायक्रोकंट्रोलरला पहिला डिस्प्ले जोडताना: उजेड लागतो, पण अक्षरे उमटत नाहीत

कुतूहल (धागाकर्ता):

तापमान मोजून ते पडद्यावर दाखवणारे एक लहानसे उपकरण बनवावे, या हेतूने मी आर्डुइनो उनो आर३ हा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि १६ बाय २ अक्षरांचा एलसीडी यांची जुळणी करीत आहे. एलसीडीच्या पाठीवर एक छोटा सर्किट बोर्ड आधीच सोल्डर केलेला आहे आणि त्याच्या चार पिनांपाशी जीएनडी (जमीन), व्हीसीसी (वीज), एसडीए (माहितीची तार) व एससीएल (तालाची तार) अशी अक्षरे छापलेली आहेत. जीएनडी जीएनडीला, व्हीसीसी ५ व्होल्टच्या पिनला, एसडीए ए४ ला आणि एससीएल ए५ ला जोडली आहे. लायब्ररीबरोबर (डिस्प्लेसाठीच्या तयार कोडच्या संचाबरोबर) आलेला नमुना प्रोग्राम विनातक्रार कंपाइल होतो आणि बोर्डावर चढतोही. पडद्यामागचा निळा उजेड लागतो, पण एकही अक्षर उमटत नाही. सेन्सरचे आकडे सिरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश दाखवणाऱ्या संगणकावरील खिडकीत) नीट येतात, त्यामुळे बोर्ड आणि सेन्सर यांविषयी शंका नाही.

दोष शोधण्याची सुरुवात कोठून करावी, हे जाणून घ्यायचे आहे. पुढच्या टप्प्यात लहान ओएलईडी (स्वतः प्रकाशणाऱ्या ठिपक्यांचा पडदा) वापरण्याचा आणि जमल्यास पडद्यावर मराठी मजकूर आणण्याचाही विचार आहे. त्याबाबत मार्गदर्शन मिळाल्यास आभारी राहीन.

जुनाजोडारी:

या प्रकारच्या एलसीडीत मागचा उजेड आणि पुढची अक्षरे यांचा एकमेकांशी काहीही संबंध नसतो. उजेड देणारा एलईडी स्वतंत्र असतो आणि अक्षरे घडवणारा कंट्रोलर, म्हणजे हिताचीचा एचडी४४७८० किंवा त्याच्याशी सुसंगत असलेली दुसरी चिप, स्वतंत्र असते. पाठीवरच्या छोट्या बोर्डावर बहुधा पीसीएफ८५७४ ही चिप असेल. वीज मिळताच तिच्या सर्व आउटपुट पिना उच्च पातळीवर जातात आणि उजेडाची पिनही त्यांतच असल्यामुळे, आर्डुइनोने एक अक्षरही पाठवले नसले तरी उजेड लागतो. म्हणजे उजेडावरून फक्त वीज पोहोचली एवढेच सिद्ध होते. संदेश पोहोचतो आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

तुमच्या वर्णनात एक महत्त्वाचा तपशील राहिला आहे. पडदा पूर्णपणे कोरा आहे, की वरच्या ओळीत १६ भरीव चौकोन दिसत आहेत? दोन्ही लक्षणांचे निदान वेगळे आहे.

पडदा कोरा असेल, तर सर्वप्रथम कॉन्ट्रास्ट तपासावा. पाठीवरच्या बोर्डावर निळ्या रंगाचा एक चौकोनी प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रोधक) असतो. वीज चालू ठेवून तो लहान स्क्रूड्रायव्हरने सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावा. एका टोकाला सगळे फिके पडते, दुसऱ्या टोकाला चौकोन गडद होतात आणि वाचता येण्याजोगी जागा मधल्या अगदी अरुंद पट्ट्यात असते. एलसीडीच्या तिसऱ्या पिनवर, म्हणजे व्ही०वर, साधारण अर्धा ते एक व्होल्ट असताना ५ व्होल्टचे बहुतेक मॉड्यूल नीट दिसतात. प्रीसेट कारखान्यातून कोणत्या स्थितीत येईल याचा नेम नसतो आणि त्यामुळे प्रोग्राम व जोडणी दोन्ही अचूक असताना पडदा कोरा राहणे अतिशय सामान्य आहे. माझ्या मते प्रीसेट फिरवून पाहण्यापूर्वी प्रोग्रामच्या एकाही ओळीला हात लावू नये.

वरच्या ओळीत भरीव चौकोन आणि खालची ओळ रिकामी, असे दिसत असेल, तर कॉन्ट्रास्ट ठीक आहे, कंट्रोलरला वीज मिळते आहे, पण त्याला सुरुवातीच्या सूचना मिळालेल्या नाहीत. एचडी४४७८० वीज मिळाल्यावर स्वतःला एका ओळीच्या अवस्थेत ठेवतो. दोन ओळी वापरायच्या आहेत आणि माहिती चार-चार बिटांनी येणार आहे, हे लायब्ररीने सांगावे लागते. त्या सूचना वाटेत हरवल्या, की चौकोन तसेच राहतात.

हरवण्याचे पहिले संभाव्य कारण म्हणजे पत्ता. आयटूसी ही फिलिप्स कंपनीने १९८२ साली आणलेली दोन तारांची पद्धत आहे; एसडीए व एससीएल याच त्या तारा. एकाच जोडीवर अनेक उपकरणे बसू शकतात आणि प्रत्येकाला वेगळा पत्ता असतो. पीसीएफ८५७४चा पत्ता ०एक्स२० ते ०एक्स२७ या टप्प्यात असतो (०एक्स म्हणजे पुढचा आकडा सोळा-आधारी आहे), तर दिसायला हुबेहूब असलेल्या पीसीएफ८५७४ए या चिपचा ०एक्स३८ ते ०एक्स३एफ या टप्प्यात. बोर्डावरचे ए०, ए१, ए२ हे बिंदू मोकळे असतील, तर पहिल्या चिपचा पत्ता ०एक्स२७ आणि दुसऱ्या चिपचा ०एक्स३एफ होतो. नमुना प्रोग्रामात बहुतेक वेळा ०एक्स२७ लिहिलेले असते. अंदाज बांधण्यापेक्षा आयटूसी स्कॅनर नावाचा छोटा प्रोग्राम बोर्डावर चढवावा; तो १ ते १२६ या सर्व पत्त्यांना हाक मारून कोणी उत्तर दिले ते सिरियल मॉनिटरवर छापतो. एकही पत्ता सापडला नाही, तर दोष तारांत आहे: एसडीए व एससीएल यांची अदलाबदल, आतून तुटलेली जंपर वायर, किंवा ब्रेडबोर्डच्या मध्येच खंडित असलेल्या वीजपट्ट्या. मोठ्या ब्रेडबोर्डांपैकी काहींवर कडेची लाल-निळी पट्टी अर्ध्यावर तुटलेली असते आणि ते पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

कुतूहल:

सविस्तर उत्तराबद्दल आभार. प्रीसेट फिरवल्यावर वरच्या ओळीत १६ चौकोन स्पष्ट दिसू लागले. स्कॅनरने ०एक्स३एफ हा पत्ता दाखवला. प्रोग्रामात तो लिहिताच दोन्ही ओळींत मजकूर उमटला.

मात्र दोन नव्या अडचणी समोर आल्या आहेत. तापमानाच्या आकड्यापुढे अंशाचे चिन्ह छापले असता त्या जागी दोन अनोळखी जपानी अक्षरे येतात. दुसरे असे, की आर्द्रता १०० वरून ९९ वर आली, की पडद्यावर ९९० दिसते. प्रत्येक वेळी पडदा पुसण्याची सूचना दिल्यास आकडा बरोबर येतो, परंतु मग पडदा सतत लुकलुकतो.

रोधक:

जपानी अक्षरे येण्याचे कारण असे, की तुम्ही संपादकात टाइप केलेले अंशचिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने दोन बाइटांत साठवले जाते, तर एलसीडी प्रत्येक बाइट म्हणजे एक अक्षर असे समजतो. त्याच्या रॉममध्ये (कायम स्मृतीत) इंग्रजी अक्षरांनंतर काताकाना ही जपानी लिपी भरलेली असल्यामुळे ते दोन बाइट काताकाना म्हणून छापले जातात. या रॉममध्ये अंशासारखे दिसणारे गोल चिन्ह २२३ या क्रमांकावर आहे. ते अक्षर म्हणून न लिहिता क्रमांक देऊन पाठवावे.

९९० दिसण्याचे कारण म्हणजे एलसीडी जुना मजकूर स्वतःहून कधीच पुसत नाही. जेथे नवे अक्षर येईल तेवढीच जागा बदलते. पूर्ण पडदा पुसण्याची सूचना ही कंट्रोलरच्या दृष्टीने महागडी आहे. सामान्य सूचनेला सुमारे ३७ मायक्रोसेकंद पुरतात, तर पुसण्याला सुमारे दीड मिलिसेकंद लागतो आणि त्यानंतर नवे अक्षर येईपर्यंत जागा रिकामी राहते. म्हणून स्थिर मजकूर सुरुवातीला एकदाच छापावा, बदलणाऱ्या आकड्याला ठरावीक रुंदीची जागा द्यावी, आकडा लहान झाल्यास उरलेल्या जागेत मोकळी अक्षरे छापावीत, आणि मूल्य खरोखर बदलले असेल तरच लिहावे. तापमान सेकंदाला दहादा छापून वाचणाऱ्याला काहीच अधिक मिळत नाही.

येथे वाचणाऱ्या इतर नवशिक्यांसाठी एक इशारा. वरील जोडणी उनोसाठी योग्य आहे, कारण उनो ५ व्होल्टवर चालतो. ईएसपी३२ किंवा रास्पबेरी पाय पिको यांच्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि ५ व्होल्ट सहन करण्याची हमी त्यांचे निर्माते देत नाहीत. एलसीडीच्या पाठीवरच्या बोर्डात एसडीए व एससीएल या दोन्ही तारा पुल-अप (तारेची पातळी वर खेचून ठेवणाऱ्या) रोधकांनी व्हीसीसीला बांधलेल्या असतात. व्हीसीसीला ५ व्होल्ट दिले, की तेच ५ व्होल्ट मायक्रोकंट्रोलरच्या पिनांवर येतात. अनेकांचे असे जोडलेले बोर्ड चालतात, हे खरे आहे, पण चालणे आणि सुरक्षित असणे यांत फरक आहे. मध्ये दुतर्फा लेव्हल शिफ्टर (३.३ व ५ व्होल्टच्या पातळ्या एकमेकींत बदलणारे सर्किट) घालणे हाच सरळ मार्ग आहे. संपूर्ण एलसीडीला ३.३ व्होल्ट दिल्यास धोका टळतो, परंतु ५ व्होल्टसाठी बनवलेल्या काचेवर अक्षरे इतकी फिकी येतात, की प्रीसेट कसाही फिरवला तरी उपयोग होत नाही.

जुनाजोडारी:

पत्ता बरोबर असूनही चौकोन हटत नसतील, तर आणखी दोन कारणे शक्य आहेत. शोध घेत येथे येणाऱ्यांसाठी नोंदवून ठेवतो. लिक्विडक्रिस्टल आयटूसी या एकाच नावाच्या अनेक लायब्रऱ्या प्रचारात आहेत. काहींत सुरुवात करण्याची सूचना वेगळी, काहींत रचनेचे घटक वेगळे, त्यामुळे एका लायब्ररीचा नमुना दुसरीवर चालत नाही. दुसरे कारण अधिक चकवणारे आहे: पीसीएफ८५७४च्या आठ पिनांपैकी कोणती पिन एलसीडीच्या कोणत्या पिनला जोडायची, यावर सर्व उत्पादकांचे एकमत नाही. बहुतेक बोर्डांवर पहिल्या तीन पिना आरएस, आरडब्ल्यू आणि ई या नियंत्रणाच्या पिनांना, चौथी उजेडाला आणि उरलेल्या चार डी४ ते डी७ या माहितीच्या पिनांना जातात. पण वेगळी रचना असलेल्या बोर्डावर लायब्ररीच्या सूचना भलत्याच पिनांवर पोहोचतात आणि उजेड लुकलुकण्यापलीकडे काही घडत नाही. एचडी४४७८० याच नावाची एक लायब्ररी आहे, ती पत्ता आणि ही पिनांची रचना दोन्ही स्वतः शोधून काढते. नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी, असे माझे मत आहे.

तारयंत्र:

एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो. शिकणे हाच हेतू असेल, तर पाठीवरच्या बोर्डाशिवायचा एलसीडी एकदा तरी थेट जोडून पाहावा. आरएस १२ ला, ई ११ ला, डी४ ते डी७ अनुक्रमे ५, ४, ३, २ या पिनांना, आरडब्ल्यू जमिनीला, व्ही० ला १० किलोओहमचे पोटेन्शिओमीटर, आणि उजेडाच्या तारेत २२० ओहमचा रोधक: आर्डुइनोच्या अधिकृत नमुन्यातील ही जोडणी करताना कोणती तार काय करते, हे आपोआप समजते. आयटूसी बोर्डामुळे तारा वाचतात, परंतु दोष निर्माण झाल्यास तो एलसीडीत आहे, मधल्या चिपमध्ये आहे की लायब्ररीत, हे कळेनासे होते. अर्थात थेट जोडणीत १६ पिनांची पट्टी नीट सोल्डर करावी लागते. पट्टी छिद्रांत नुसती खोचून वरून दाबून धरल्यास संपर्क होतो आणि तुटतो, आणि तसा अधूनमधून चालणारा डिस्प्ले अजिबात न चालणाऱ्यापेक्षा अधिक वेळ खातो.

ओएलईडीविषयी. ०.९६ इंचाचे १२८ बाय ६४ ठिपक्यांचे मॉड्यूल बहुधा एसएसडी१३०६ या चिपवर चालते. त्यात कॉन्ट्रास्टचा प्रीसेट नाही, मागचा उजेड नाही, प्रत्येक ठिपका स्वतः प्रकाशतो. म्हणून एलसीडीतील निम्म्या अडचणी येथे उद्भवतच नाहीत. त्यांच्या जागी दुसऱ्या येतात.

पहिली गोष्ट म्हणजे पिनांचा क्रम. काही मॉड्यूलांवर जीएनडी पहिली आणि व्हीसीसी दुसरी असते, काहींवर नेमके उलटे. चित्रावरून जोडू नये. हातातल्या मॉड्यूलवर छापलेले वाचूनच जोडावे, कारण उलटी वीज दिलेले मॉड्यूल बहुधा वाचत नाही. दुसरी गोष्ट पत्त्याची. मॉड्यूलच्या पाठीवर ०एक्स७८ आणि ०एक्स७ए असे दोन पर्याय छापलेले दिसतात, पण प्रोग्रामात ०एक्स३सी किंवा ०एक्स३डी लिहावे लागते. छापलेला आकडा शेवटच्या वाचा-लिहा बिटासह आठ बिटांचा आहे आणि लायब्ररीला सात बिटांचा हवा असतो. छापलेल्या आकड्याचे अर्धे केले, की लायब्ररीचा आकडा मिळतो.

तिसरी गोष्ट स्मृतीची आणि उनोवर हीच सर्वांत जास्त अडवते. १२८ बाय ६४ म्हणजे ८१९२ ठिपके. प्रत्येकाला एक बिट धरल्यास १०२४ बाइट होतात. उनोवरील एटीमेगा३२८पी या चिपमध्ये एकूण रॅम २०४८ बाइट आहे. अ‍ॅडाफ्रूटची लायब्ररी पूर्ण पडद्याची प्रतिमा रॅममध्ये ठेवते, म्हणजे अर्धी रॅम तेथेच संपते. ही जागा प्रोग्राम सुरू झाल्यावर मागितली जात असल्यामुळे कंपाइल करताना दिसणाऱ्या रॅमच्या आकड्यात ती धरलेली नसते. तेथे ६० टक्के वापर दिसतो, सर्व काही आलबेल वाटते आणि पडदा मात्र सुरूच होत नाही. उपाय दोन आहेत. एक, छापायचा स्थिर मजकूर एफ मॅक्रोच्या कंसात, म्हणजे F("…") असा, लिहून फ्लॅश स्मृतीतच (जेथे प्रोग्राम साठवला जातो तेथेच) ठेवावा. दुसरा, यू८जी२ ही लायब्ररी पान-पद्धतीने वापरावी; त्यात पडद्याचे तुकडे करून एका वेळी १२८ किंवा २५६ बाइटांचाच तुकडा रंगवला जातो आणि चित्र काढणाऱ्या सूचना प्रत्येक तुकड्यासाठी पुन्हा चालतात. वेग कमी होतो, पण तापमानासाठी तो पुरेसा आहे.

१.३ इंचाचे मॉड्यूल असेल, तर त्यावर बहुधा एसएच११०६ ही चिप असते. तिची अंतर्गत स्मृती १३२ स्तंभांची असल्याने एसएसडी१३०६ची लायब्ररी वापरल्यास चित्र दोन स्तंभ सरकते आणि कडेला चुरचुरणाऱ्या ठिपक्यांची उभी रेघ दिसते. ती रेघ दिसली, तर मॉड्यूल खराब समजून फेकू नये, लायब्ररीतील चिपचे नाव बदलावे.

कुतूहल:

अंशचिन्ह आणि ९९० या दोन्ही अडचणी सुटल्या. आता मराठी मजकुराचा प्रश्न उरतो. ओएलईडीवर देवनागरी दाखवण्यासाठी केवळ फॉन्ट बदलणे पुरेसे आहे का? आणि हाती असलेल्या १६ बाय २ एलसीडीवर निदान मराठी अंक तरी आणता येतील का?

रोधक:

ओएलईडीवर केवळ फॉन्ट बदलून काम भागत नाही. यू८जी२ लायब्ररीत देवनागरीचा एक फॉन्ट आहे आणि यूटीएफ-८ मजकूर छापण्याची सोयही आहे, परंतु ती अक्षरे एकापुढे एक ठेवते, त्यांची जोडणी करीत नाही. 'किती' हा शब्द साठवताना क, मग ऱ्हस्व वेलांटी, मग त, मग दीर्घ वेलांटी असा क्रम असतो. दाखवताना मात्र ऱ्हस्व वेलांटी क च्या आधी यावी लागते. 'आर्द्रता' या शब्दात रफार पुढच्या जोडाक्षरावर चढतो आणि द व र मिळून एक वेगळीच आकृती होते. संगणकावर आणि फोनवर हे काम मजकूर-रचनेचे स्वतंत्र इंजिन करते. लहान मायक्रोकंट्रोलरवरच्या लायब्रऱ्यांत ते नसते. परिणामी 'कमल', 'घर' असे कानामात्रेविना शब्द ठीक दिसतात आणि बाकीचे विस्कटतात.

तुमच्या उपकरणाला मराठीचे मोजकेच शब्द लागणार आहेत: तापमान, आर्द्रता, कदाचित कमाल आणि किमान. हे शब्द संगणकावर चांगल्या फॉन्टमध्ये लिहून, त्यांचे काळे-पांढरे चित्र करून, ते बिटमॅप म्हणून फ्लॅश स्मृतीत ठेवावेत. ६४ बाय १६ ठिपक्यांचा एक शब्द १२८ बाइटांत बसतो आणि उनोच्या ३२ किलोबाइट फ्लॅशमध्ये असे कितीतरी शब्द मावतात. बदलणारे असतात ते फक्त अंक, आणि देवनागरी अंकांना ना मात्रा ना जोडाक्षरे. ते फॉन्टमधून सरळ छापता येतात. अक्षराची उंची १६ ठिपक्यांपेक्षा कमी ठेवू नये, असे मला वाटते. शिरोरेघेच्या वर रफार व मात्रा आणि खाली उकार यांना जागा ठेवल्यावर मधल्या अक्षराला फारसे ठिपके उरत नाहीत.

जुनाजोडारी:

एलसीडीपुरते उत्तर देतो. एचडी४४७८०मध्ये स्वतः घडवलेली आठच अक्षरे एका वेळी ठेवता येतात, प्रत्येक ५ बाय ८ ठिपक्यांचे. देवनागरी अंक दहा आहेत. शून्यासाठी इंग्रजी लहान ओ चालतो, तरी नऊ उरतात आणि एक जागा कमी पडते.

यावर वाट अशी, की अंकासाठी जागा राखण्याऐवजी पडद्यावरील स्थानासाठी राखावी. तापमानाचे दशक, एकक व दशांश ही तीन स्थाने आणि आर्द्रतेची तीन स्थाने, मिळून सहा जागा पुरतात. सुरुवातीला प्रत्येक स्थानावर त्या-त्या जागेचे अक्षर एकदाच छापून ठेवावे. मूल्य बदलले, की त्या जागेतील आकृती तेवढी नव्याने भरावी. पडद्यावर पुन्हा काहीही छापावे लागत नाही, कारण एलसीडीच्या पडदा-स्मृतीत केवळ अक्षराचा क्रमांक असतो आणि आकृती दर वेळी अक्षर-स्मृतीतून वाचली जाते. दहाही अंकांच्या आकृत्या फ्लॅशमध्ये ठेवल्यास त्यांना ८० बाइट लागतात.

दोन गोष्टी सांभाळाव्यात. आकृती भरल्यावर कंट्रोलरचा रोख अक्षर-स्मृतीकडेच राहतो. त्यानंतर सेटकर्सरने जागा न सांगता काही छापल्यास तो मजकूर पडद्यावर न जाता तुमच्या आकृत्यांवरच लिहिला जातो आणि अंक विद्रूप होतात. दुसरे, शून्य क्रमांकाचे अक्षर मजकुराच्या ओळीत गुंफू नये, कारण सी भाषेत शून्य बाइट म्हणजे मजकुराचा शेवट. ८ ते १५ हे क्रमांक ० ते ७ याच आकृत्यांकडे नेतात, म्हणून शून्याऐवजी ८ लिहिले तरी तेच अक्षर उमटते.

कुतूहल:

हे उत्तम आहे. ५ बाय ८ मध्ये ५ आणि ६ यांच्या आकृत्या एकमेकींसारख्या दिसत आहेत. त्यासाठी काही सुचवाल का?

जुनाजोडारी:

आठवी ओळ कर्सरसाठी राखण्याची प्रथा आहे, पण कर्सर बंद असेल तर ती वापरायला हरकत नाही. पाचाची उभी दांडी उजव्या कडेला धरून थेट आठव्या ओळीपर्यंत न्यावी आणि सहाच्या खालच्या शेपटाचा शेवट सातव्या ओळीवर उजवीकडे वळवून थांबवावा. चौकटीच्या कागदावर आधी ठिपके भरून पाहा आणि तो कागद हाताच्या अंतरावर धरून वाचा. तेथे वेगळे वाटले, तरच बाइट लिहायला घ्या.